आपल्या घराचे नियम आपणच लिहायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मार्ट प्लग आणि वायफायवर चालणारे दिवे आता तालुक्याच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातही मिळतात. घरी आणल्यावर मात्र बहुतेकांचा वापर मोबाइलवरून चालू-बंद करण्यापुरताच राहतो. या वस्तूंना आपल्या घराच्या रीतीप्रमाणे वागायला लावणं हे काम विकणाऱ्याचं किंवा बसवून देणाऱ्याचं आहे, असा समज आहे. माझं मत याच्या उलट आहे. हे काम घरात राहणाऱ्यांचं आहे आणि त्यांना ते नक्की जमतं. ओळखीच्या लोकांना मदत करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

मी फोनवरून दिवा लावतोच की. मग आणखी ‘प्रोग्राम’ काय करायचं?

फोनवरून दिवा लावलात तरी लावायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते. तुमचं लक्ष नसताना काय व्हावं, हे आधी सांगून ठेवणं म्हणजे प्रोग्राम करणं. अशा प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात: काय घडल्यावर, कोणत्या परिस्थितीत, आणि काय करायचं. ॲपमध्ये त्यांना ट्रिगर, कंडिशन आणि ॲक्शन म्हणतात. ‘सूर्य मावळला की, घरात कोणी असेल तर, जिन्यातला दिवा लाव’ हा पूर्ण नियम झाला. मधला भाग ऐच्छिक असतो, पण नियमात शहाणपण येतं ते बहुतेक वेळा त्याच भागामुळे.

त्यासाठी कोडिंग यावं लागतं का?

नाही. हे तपासूनही झालेलं आहे. ब्लेस उर, मायकेल लिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मार्ट घरानं काय करावं असं लोकांना विचारल्यावर ज्या इच्छा पुढे आल्या, त्यांतल्या बहुतेक ‘असं झालं तर तसं कर’ या साच्यात मांडता आल्या. पुढे २२६ जणांना नियम करायला दिले, तेव्हा प्रोग्रामिंग कधीच न केलेली माणसंही एकाहून जास्त अटींचे नियम लवकर शिकली. असे नियम करू देणाऱ्या आयएफटीटीटी या इंटरनेट सेवेवर लोकांनी तोपर्यंत मांडलेले ६७,१६९ नियमही त्यांनी पाहिले. त्यांत एकमेकांपासून वेगळे असे नियम भरपूर होते. प्रत्येक घराची गरज वेगळी असते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सामान्य माणसाला हे सोपं करून देण्याची धडपड जुनी आहे. वीजवाहिनीतूनच संदेश पाठवणारी एक्स-टेन ही पद्धत स्कॉटलंडमधल्या एका कंपनीनं १९७५ मध्ये तयार केली. २००३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांनी चित्रांचे तुकडे एकमेकांना जोडून घरातली उपकरणं जोडायची सोय करून पाहिली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकी शब्दांसारखे शब्द मांडून वाक्य तयार करायची पद्धत आली. आज ॲपमध्ये दिसणाऱ्या ‘जेव्हा… तेव्हा…’ या चौकटी त्याच वाटेवरच्या आहेत.

नियम बरोबर लिहिला, तरी घर भलतंच वागतं. असं का होतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रिगर दोन जातींचे असतात. एक म्हणजे घटना: दार उघडलं, पाच वाजले, पाऊस सुरू झाला. ही एका क्षणात घडते आणि संपते. दुसरी म्हणजे स्थिती: दार उघडं आहे, पाच ते सहाच्या मधली वेळ आहे, पाऊस पडतो आहे. ही टिकून राहते. बोलताना आपण दोन्ही सरमिसळ वापरतो आणि समोरचा माणूस समजून घेतो. यंत्राला तेवढी समज नसते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जस्टिन ह्वांग आणि माया चाकमाक यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ आणि यंत्रानं घेतलेला अर्थ यांची फारकत बहुतेकदा इथेच होते.

गिझरचं उदाहरण घ्या. नियम असा: ‘सकाळी साडेपाचला गिझर लाव’ आणि ‘सहाला बंद कर’. साडेपाचला वीज गेलेली होती आणि पाच चाळीसला आली, तर गिझर लागणारच नाही. साडेपाच वाजण्याची घटना होऊन गेली, ती आता उद्याच घडेल. याच्या उलट प्रकार जास्त त्रासाचा. गिझर वेळेवर लागला, पण सहाच्या ठोक्याला वायफाय बंद होतं. बंद करण्याची सूचना पोचलीच नाही आणि गिझर चालू राहिला.

मग लिहायचं कसं? ‘साडेपाच ते सहा ही वेळ असेल तर गिझर चालू असावा, एरवी बंद असावा’ असा स्थितीचा नियम करा. वीज आल्यावर किंवा यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावरही हा नियम तपासला जाईल, अशी सोय करा. शिवाय प्लगच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहा. वीज परत आल्यावर प्लगनं कोणत्या अवस्थेत यावं, हे ठरवता येतं. गिझरसाठी तिथे ‘बंद’ निवडा. आणि ‘अर्ध्या तासानं आपोआप बंद’ हा टायमर प्लगमध्येच चालत असेल, तर नेट किंवा हब (घरातल्या स्मार्ट वस्तूंना जोडणारं मधलं यंत्र) बंद पडला तरी गिझर बंद होतो.

दुसरी अडचण ‘आणि’ची आहे. ‘आई घरी आली आणि बाबा घरी आले की हॉलचा पंखा लाव’ हा नियम जवळपास कधीच चालणार नाही, कारण दोघं एकाच क्षणी दारात येत नाहीत. एक घटना आणि एक स्थिती अशी जोडी हवी: ‘कोणीही घरी आलं की, दोघंही घरात असतील तर’.

तिसरी अडचण कामाच्या स्वभावाची. मेसेज पाठवणं क्षणात संपतं. कपडे धुण्याचं यंत्र आपलं काम संपवून आपोआप थांबतं. दिवा मात्र कोणी बंद करेपर्यंत चालूच राहतो. ‘बाथरूममध्ये हालचाल दिसली की दिवा लाव’ एवढंच लिहिलंत, तर दिवा बंद करायला कोणी सांगितलेलं नाही. ‘दहा मिनिटं हालचाल नसेल तर बंद कर’ हा जोडनियम लागतोच. सवय लावून घ्या: चालू करणारा नियम लिहिला की बंद करणारा लगेच लिहायचा.

सुरुवात कशानं करू?

एका प्लगनं आणि एका नियमानं. घरात ज्या गोष्टीवरून रोज ‘बंद केलं का रे?’ अशी विचारणा होते, ती गोष्ट निवडा. आठ-पंधरा दिवस तो एकच नियम चालू द्या, मग पुढचा.

कोणताही स्मार्ट प्लग चालेल का?

नाही, आणि यात चालढकल नको. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. त्यामुळे गिझर, एसी, मोठा हीटर यांना १६ अँपिअरचाच प्लग लावा, आणि तोही चांगल्या वायरिंगच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये. ६ किंवा १० अँपिअरचा प्लग दिवा, पंखा, राउटर अशांसाठी ठीक. पाण्याच्या मोटरला प्लग लावूच नका. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. तिथे स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा स्विच) हवा, आणि स्मार्ट रिलेनं, म्हणजे वायफायसारख्या जोडणीवरून चालणाऱ्या छोट्या स्विचनं, फक्त त्याला सूचना द्यायची.

जुन्या स्विचबोर्डात स्मार्ट रिले बसतो का?

बोर्डामागे बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट रिलेंना न्यूट्रल (वीज परत जायची तार) लागतो. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल बहुधा मिळतो. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात नसतो. हे काम मेन स्विच बंद करून माहितगार वायरमनकडूनच करून घ्या. त्याला एकच गोष्ट बजावून सांगा: जुनं बटण आधीसारखं चाललं पाहिजे. दिवा लावायला फोन शोधावा लागत असेल, तर त्या घराचं काम बिघडवलं असं मी समजतो.

पाण्याच्या टाकीचा नियम कसा करायचा?

आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी याचीच असते आणि ते रास्तच आहे. पाणी ठरलेल्या वेळी येतं, खालची टाकी भरते, मग मोटर लावून वरची भरायची आणि उतू जायच्या आत बंद करायची. या कामासाठी घरातलं कोणी ना कोणी अडकून पडतं, आणि ते बहुधा बाईच असते.

नियमाचा गाभा सोपा आहे. वरच्या टाकीत पाणी ३० टक्क्यांच्या खाली असेल, आणि खालच्या टाकीत पुरेसं पाणी असेल, तर मोटर लाव. ९० टक्क्यांवर गेलं की बंद कर. या दोन आकड्यांत अंतर मुद्दाम ठेवलं आहे. ‘९० च्या खाली आलं की चालू, ९० झालं की बंद’ असं केलंत तर कोणी बादली भरली तरी मोटर क्षणभर चालू होऊन पुन्हा बंद होईल. असं दिवसभर चाललं की मोटर लवकर जळते.

यावर दोन संरक्षणं हवीतच. पहिलं, वेळेची मर्यादा: तुमची टाकी भरायला वीस मिनिटं लागत असतील, तर तीस मिनिटांनी मोटर कोणत्याही परिस्थितीत बंद. सेन्सर बिघडला किंवा पाइप निसटला तर हाच नियम वाचवतो. दुसरं, वरच्या टाकीत साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच), जो वायफाय आणि ॲप यांच्यावर अजिबात अवलंबून नसेल आणि टाकी भरल्यावर स्टार्टरचं सर्किटच तोडेल. ज्या गोष्टीमुळे नुकसान होऊ शकतं, तिचं शेवटचं संरक्षण कधीही सॉफ्टवेअरवर सोपवू नये.

शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. रात्री-अपरात्री वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो स्टार्टर त्यांच्याकडे केव्हापासून आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तर साध्या मोबाइलवरून शेतातला पंप चालवतं. स्मार्ट फोन सगळीकडे पोचण्याच्या आधीची ही गोष्ट. ज्याचं काम त्याच्याच हातात नियंत्रण दिलं की यंत्र टिकतं, हे त्यावरून दिसतं.

नेट गेलं तर सगळं ठप्प होतं का?

ते नियम कुठे राहतो त्यावर ठरतं. अनेक स्वस्त प्लगांचा नियम कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर राहतो. तुमच्या बेडरूममधला दिवा लावण्याची सूचना परदेशात जाऊन परत येते. नेट गेलं की तो नियम थांबतो, आणि कंपनी गेली की कायमचा थांबतो. रिव्हॉल्व्ह हा हब नेस्ट या स्मार्ट वस्तूंच्या कंपनीनं २०१६ मध्ये बंद केला, तेव्हा लोकांनी सुमारे ३०० डॉलरला घेतलेली वस्तू निकामी झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अशाच एका कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली.

म्हणून माझा आग्रह असा, की नियम घरातच राहावेत. होम असिस्टंट ही मोफत आणि खुली प्रणाली पॉलस स्कूटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केली. ती रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर चालते, आणि २०२४ पासून तिची मालकी ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. बसवायला एक-दोन संध्याकाळी द्याव्या लागतात. पुढचे नियम चौकटी निवडूनच होतात. वस्तू घेताना खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह आहे का तेही पाहा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी घरातल्या घरात बोलू शकतात.

आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. दहा-पंधरा वॅटचा भार आहे, पण लोडशेडिंगमध्ये घराची यंत्रणा त्याच्यामुळे जिवंत राहते. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा बँड चालू आहे ना हेही बघा. बहुतेक प्लग त्यावरच चालतात.

नियम लिहायची कटकटच कशाला? घरानं आपोआप शिकावं.

हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे मायकेल मोझर यांनी १९९० च्या दशकात जुन्या शाळेच्या इमारतीतल्या आपल्या घरात सेन्सर बसवले आणि घरातल्यांच्या सवयी पाहून दिवे, गरम पाणी आणि उष्णता सांभाळायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे नोंदींवरून आपोआप शिकणारा प्रोग्राम, लावलं. २०११ मध्ये आलेल्या, घराचं तापमान सांभाळणाऱ्या नेस्टच्या थर्मोस्टॅटनं तोच विचार बाजारात आणला.

एकट्याच्या आणि ठरीव दिनक्रमाच्या घरात हे बरं चालतं. आपल्या घरात पाहुणे येतात, परीक्षा असतात, श्रावणात जेवणाच्या वेळा बदलतात, गणपतीत रात्रभर दिवे चालू राहतात. कालच्या सवयीवरून आजचा अंदाज चुकतो. शिवाय दिवा का लागला, हे शिकलेल्या यंत्राला विचारून कळत नाही. लिहिलेला नियम वाचता येतो, त्यावर घरात वाद घालता येतो, तो खोडता येतो. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

एआयला सांगून नियम लिहून घेतला तर?

जरूर घ्या, चांगला लिहितो. फक्त चालू करण्याआधी तो नियम मोठ्यानं वाचा, आणि घटना कोणती, स्थिती कोणती, बंद कोण करणार हे तीन प्रश्न विचारा. तुम्ही जे सांगायचं विसरलात, तिथे त्यानं अंदाज केलेला असतो.

मराठीत बोलून चालतं का?

फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी समजू लागलं. घरात ठेवायच्या स्पीकरांचा भर अजून इंग्रजी आणि हिंदीवर आहे. तोवर एक काम करता येतं: वस्तूंची नावं तरी आपली ठेवा. ‘बेडरूम लाइट टू’ असं कोणाच्याही तोंडी नसतं. ‘देवघर’, ‘माळा’, ‘ओटा’, ‘पडवी’ अशी नावं दिली की ॲप उघडणाऱ्या आजीलाही यादी वाचता येते.

घरातल्या बाकीच्यांना हे आवडत नाही. काय करू?

त्यांचं म्हणणं आधी ऐका. बहुतेक घरांत एकच माणूस सगळं बसवतो, त्याच्याच फोनमध्ये सगळं असतं, आणि बाकीचे त्याच्या नियमांत राहतात. तो गावाला गेला की घर कोणालाच कळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट डेव्हिडॉफ आणि सहकाऱ्यांनी कुटुंबांचा अभ्यास करून २००६ मध्ये लिहिलं, की लोकांना यंत्रांवर ताबा हवा असतो त्यापेक्षा आपल्या आयुष्यावर हवा असतो. सासूबाई पहाटे उठतात तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात मंद दिवा हवा की लख्ख, हे त्यांनीच सांगावं.

माझ्या लेखी किमान अटी अशा. प्रत्येक बटण हातानं चाललं पाहिजे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनवर पूर्ण अधिकार असले पाहिजेत. चालू असलेले नियम साध्या मराठीत कागदावर लिहून फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारामागे लावलेले असावेत. आणि ‘सगळे नियम थांबव’ असं एक बटण हवं, जे घरातल्या कोणालाही, परवानगी न मागता, दाबता येईल. लग्नकार्यात, आजारपणात त्याची किंमत कळते.

कॅमेऱ्याबद्दल वेगळं सांगतो. कामाला येणाऱ्या मावशींना, भाडेकरूला, पाहुण्याला कॅमेरा कुठे आहे हे सांगितलंच पाहिजे. घरातल्याच माणसाच्या येण्या-जाण्याची नोंद दुसऱ्याच्या फोनवर जात असेल, तर ती त्याच्या संमतीनंच जावी. मुलगी किंवा सून असली तरी.

दिवा रात्री दोनला आपोआप लागला. कारण कसं शोधायचं?

भूत नाही, नोंद पाहा. चांगल्या ॲपमध्ये कोणत्या नियमानं केव्हा काय केलं याची वही असते. होम असिस्टंटमध्ये एकेका नियमाचा टप्प्याटप्प्यानं माग काढता येतो. बहुतेक वेळा दोन नियम भांडत असतात. उजेड कमी झाला की दिवा लावणारा एक नियम आणि उजेड पुरेसा असला की विझवणारा दुसरा. सेन्सर त्याच दिव्याखाली असेल, तर दिवा रात्रभर उघडझाप करत राहतो. सेन्सर खिडकीकडे सरकवला की भांडण मिटतं.

कोणी बाहेरून घरात शिरेल का?

धोका खरा आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच मदतीनं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, अपडेट चालू ठेवा, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असतं त्यावर या वस्तू ठेवा. घरातच हब चालवत असाल, तर हब आणि या वस्तूंची गाठ तुटत नाही ना, हे ठेवल्यावर तपासा.

वीजबिल कमी होतं का?

थोडं. २ किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास विसरला जात असेल, तर रोजचं एक युनिट वाचतं. उलट प्रत्येक स्मार्ट प्लग स्वतः सुमारे एक वॅट खातो, म्हणजे वर्षाला जवळपास ९ युनिट. नाइटलॅम्पला लावलेल्या प्लगनं बचत होत नाही.

कशाला नियम लावू नये?

इस्त्री, गॅस, पाण्यात बुडवायचा रॉड, आणि आजारी माणसाचं कोणतंही यंत्र. मुख्य दाराचं कुलूप आपोआप उघडणारा नियमही नको. आपोआप लावणारा चालेल.

भाड्याचं घर सोडताना किंवा घर विकताना काय करायचं?

बोर्डामागे बसवलेल्या वस्तू काढून जुनी जोडणी परत करून घ्या, किंवा नव्या माणसाला हव्या असतील तर त्याच्यासमोर प्रत्येक वस्तू फॅक्टरी रीसेट करा आणि त्याच्या फोनवर जोडून द्या. तुमच्या खात्यातून ते घर पूर्ण काढून टाका, कॅमेऱ्याची साठवण पुसा. फ्रिजवरचा नियमांचा कागद त्याला द्या. टाकी भरायला किती मिनिटं लागतात हा आकडा त्याला पहिल्याच सकाळी लागणार आहे.